हवा किती? बत्तीस!

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझी डिग्री मेकॅनिकलची आहे. हे सांगायला हल्ली जरा लाज वाटते, कारण गेली सहा वर्षं मी हिंजवडीत बसून एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधले बग काढतोय आणि गाडीची स्टेपनी आयुष्यात एकदाच बदललीय, तीही मोबाईलवर व्हिडिओ लावून. पण डिग्री आहे म्हटल्यावर नातेवाईकांच्या लेखी मी मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यातला तज्ज्ञ. आणि खरं सांगू का, अधूनमधून मलाही तसंच वाटतं. पुढचा सगळा गोंधळ त्या वाटण्यातूनच झाला.

मामांचं गाव खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्याला. २०२१ मध्ये खडकवासला पुणे महापालिकेत आलं तेव्हापासून मामा म्हणतात, "तुमचं पुणं आमच्या बांधाला टेकलं की रं." टेकलं असेलही, पण जुलैच्या शनिवारी तिथं पोचायचं म्हणजे धरणाच्या चौपाटीवर कणसं आणि भजी खाणाऱ्या अर्ध्या पुण्यातून वाट काढत जावं लागतं. म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळीच लॅपटॉप बंद करून निघालो.

कारणही तसंच होतं. मामांचं दहा दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी चिखल, धूळ, वाकणं सगळं बंद केलेलं. आणि नेमकी चिखलणी तोंडावर! ज्यांना भातशेती माहीत नाही त्यांच्यासाठी: भाताची रोपं आधी एका तुकड्यात वाढवतात आणि मग उपटून मोठ्या खाचरात लावतात. त्यासाठी खाचरात पाणी साठवून मातीचा पार लोण्यासारखा चिखल करायचा, ती चिखलणी. रोपं साधारण तीन-चार आठवड्यांची झाली की लावायलाच लागतात, ती कुणासाठी थांबत नाहीत. मामांचं स्वतःचं शेत थोडंच, पण भाड्याने आणखी चार-पाच जणांची चिखलणी ते दर वर्षी करतात. या वर्षी ट्रॅक्टर गावातला एक पोरगा चालवणार होता. वय एकवीस, हात चांगला, फक्त जरा उतावळा.

फोनवर मामा मला म्हणाले होते, "आलास की टायर तेवढे बघून घे. मला डोळ्यानं अजून नीट उमगत नाही."

टायर बघून घे. बस्स, एवढंच. त्यांना म्हणायचं होतं की कुठे चीर, काटा, खिळा आहे का बघ, नट ढिले आहेत का बघ. मी ऐकलं: हवा बघून घे. त्यात माझ्या डिकीत महिन्याभरापूर्वी घेतलेला डिजिटल पंप होता. आकडा सेट करायचा, बटण दाबायचं, तेवढी हवा भरली की आपोआप बंद. असलं खेळणं जवळ असलं की माणूस हवा भरायला टायर शोधत फिरतो.

मागच्या टायरला पंप जोडला आणि आकडा आला १२. मी चाटच पडलो. माझ्या कारमध्ये बत्तीस असते! एवढा मोठा टायर आणि बारा? म्हटलं, मामांना दिसत नाही म्हणून कुणाचं लक्षच नाही वाटतं. दुसऱ्यात पण १२. मग काय, बत्तीस सेट केलं आणि बसलो. एकेका टायरला एवढा वेळ लागला की मधेमधे पंप गार व्हायला थांबवावा लागला. मामींनी दोनदा चहा आणून दिला. दोन्ही टायर असे टम्म फुगलेले बघून मला इतकं बरं वाटलं! मामांना सांगितलं, "टायर बघितले, एकदम ओके." ते म्हणाले, "बरं झालं बाबा."

आता इथे थोडं थांबून टायरबद्दल सांगतो, कारण हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं घडलं नसतं.

मामांच्या ट्रॅक्टरचा मागचा टायर १३.६-२८. म्हणजे टायरची रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. पुढचा ६.००-१६, त्याच्यावर नुसत्या तीन उभ्या कडा, कारण त्याचं काम फक्त दिशा देणं. ओढायचं काम मागच्याचं. मागच्यावर त्या जाड तिरक्या रबरी पट्ट्या असतात ना, त्या दोन बाजूंनी येऊन मधे बाणासारखं टोक करतात. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून बघितलं तर बाणाचं टोक वर दिसायला हवं. म्हणजे चाक फिरताना आधी टोक जमिनीला लागतं आणि चिखल मधून बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. टायर उलटा बसवला तर चिखल आत गोळा होतो, पट्ट्यांमधल्या खाचा भरतात आणि चाकाचा गुळगुळीत लाडू होतो. एकदा रिमला रंग दिल्यावर मामांच्या गावात एकाने असा उलटा टायर बसवून घेतला होता म्हणे, तो विषय अजून पारावर निघतो.

आणि हवा. कार रस्त्यावर पळते, तिला कडक टायर चालतो. ट्रॅक्टरच्या टायरला मऊ जमिनीवर पसरायचं असतं. साधा हिशोब आहे, अकरावीचा. मागच्या एका चाकावर समजा सहाशे किलो वजन येतं, म्हणजे तेराशेवीस पौंड. टायरच्या कडकपणाचा भाग सोडून दिला तर हे वजन भागिले हवेचा दाब म्हणजे जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ. १२ ने भागा, ११० चौरस इंच येतं, ए-फोर कागदापेक्षा थोडं मोठं. ३२ ने भागा, ४१ येतं. त्याच कागदाचा अर्धासुद्धा नाही. म्हणजे मी दोन पंपांच्या चहात मामांच्या ट्रॅक्टरचे पाय निम्म्याहून लहान करून ठेवले होते. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन.

गंमत म्हणजे ट्रॅक्टरला हवेचे टायर मिळाले तेच मुळी या कमी हवेमुळे. आधी सगळे ट्रॅक्टर लोखंडी चाकांचे, दाते असलेले. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने फायरस्टोनचे, मूळ विमानासाठी केलेले टायर ट्रॅक्टरला लावून, त्यांत कमी हवा ठेवून बघितलं आणि ते चाललं. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना, रबर काय नांगर ओढणार! मग १९३३ मध्ये बार्नी ओल्डफील्ड नावाच्या रेसिंग ड्रायव्हरला ट्रॅक्टरवर बसवून ताशी ६४ मैलांनी पळवून दाखवलं. (त्याच्या कंबरेचं काय झालं असेल ते त्यालाच ठाऊक.) आणि भाताच्या चिखलात मात्र आजही पुन्हा लोखंडच लागतं. टायरच्या बाजूला किंवा टायर काढून त्याच्या जागी सळ्यांची केज व्हील लावतात, ती चिखलात रुतत नाहीत. डांबरी रस्त्यावर ती नेता येत नाहीत, रस्त्याची चाळण होते, म्हणून ट्रॉलीत टाकून न्यायची आणि बांधावर जोडायची. मामांच्या केज व्हीलच्या दोन सळ्या तुटलेल्या, ती वेल्डिंगला गेली होती. "दोन दिवस टायरवरच काढू," मामा म्हणाले होते. जमीन खालून कडक होती, टायरवर होण्यासारखं काम होतं. बाराच्या टायरवर.

शनिवारी सकाळी पोरगा ट्रॅक्टर घेऊन पुढे गेला, शेत तीन किलोमीटरवर. मी मामांना काळा चष्मा लावून गाडीत घेऊन मागून. पाऊस भुरभुरत होता, सिंहगड ढगात होता, मी बांधावर उभा राहून फोटो काढत होतो. पहिलं खाचर कसंबसं झालं. दुसऱ्यात ट्रॅक्टर जागच्या जागी फिरायला लागला. पोरगं गॅस देतंय, चाक फिरतंय, चिखल मागे दहा फूट उडतोय आणि ट्रॅक्टर खाली, खाली, खाली. बघता बघता मागचा धुरा टेकला. मामा तेव्हा तिथे नव्हते, त्यांच्या डोळ्यात ड्रॉप घालायची वेळ झाली म्हणून शेतमालकाच्या घरी गेले होते.

बांधावरच्या कुणीतरी सांगितलं, ओंडका बांधा. ही पद्धत बऱ्याच जणांनी बघितली असेल. मागच्या चाकांना आडवा ओंडका साखळीने बांधायचा, चाक फिरलं की ओंडका खाली जातो आणि ट्रॅक्टर त्याच्यावर चढून बाहेर येतो. ऐकायला किती लॉजिकल! रोटाव्हेटर आधीच सोडला होता. पोरगा ओंडका घेऊन आला आणि रिमच्या भोकातून साखळी ओवताना दुसरं टोक मीच धरून दिलं.

त्याने क्लच सोडला. ओंडका अर्धा खाली गेला आणि चिखलातल्या कुठल्यातरी खडकाला अडकला. चाक थांबलं. इंजिन थांबलं नाही.

चाक फिरू शकत नसेल तर इंजिनाचा जोर कुठे जाणार? तो आख्खा ट्रॅक्टरच धुऱ्याभोवती फिरवायला बघतो. न्यूटनचा तिसरा नियम, मी तो पाठ करून मार्क मिळवलेत. पुढची दोन्ही चाकं चिखलातून वर आली. एक फूट. दोन फूट. ट्रॅक्टरचं नाक आभाळाकडे आणि पोरगा स्टिअरिंगला धरून मागे झुकलेला. मी तोंड उघडलं पण आवाज निघाला नाही. आवाज आला तो मागून, मामांचा. "क्लच! क्लच दाब!"

पोराने क्लच दाबला. पुढची चाकं धाडकन खाली आली, सगळ्यांच्या अंगावर चिखल. एक-दोन सेकंदांचा खेळ होता. ट्रॅक्टर मागे पूर्ण उलटला असता तर खाली तो पोरगाच होता, ट्रॅक्टर जुना, वर संरक्षणाचा सांगाडा वगैरे काही नाही.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मामा चपला काढून, डॉक्टरांनी नको सांगितलेल्या चिखलात उतरले. टायरला हात लावला. मूठ मारली. वाकून त्याची बगल चाचपली. "ह्याचं पोट कुठं गेलं?" म्हणाले. कमी हवेचा टायर जमिनीला टेकतो तिथे थोडा फुगीर होतो, त्याला ते पोट म्हणतात. मग पोराकडे बघून, "कुणी भरली हवा?"

पोरगा खाली बघायला लागला. त्याला वाटलं आता आपल्यावर येणार. मला कबूल करायला लाज वाटते, पण एक क्षणभर मी गप्प राहिलो.

"मी भरली मामा."

"किती?"

"बत्तीस."

"कारला असती तेवढी?"

"हो."

मामा काही बोलले नाहीत. चष्मा काढला, शर्टाच्या कोरड्या टोकाला पुसला, परत लावला. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

गावातून दुसरा ट्रॅक्टर आणून, लांब दोर लावून, ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे ओढून काढला. पण साखळीने डाव्या चाकाचा व्हॉल्व्हच उपटला होता. ट्यूब गेली. मग पंक्चरवाल्या चाचांना फोन. ते खडकवासल्याहून तीनचाकी टेम्पोत इंजिनवाला कॉम्प्रेसर टाकून निघाले आणि चौपाटीच्या गर्दीत दीड तास अडकले. दोन वाजले. शेतात बाया रोपांच्या मुठी बांधून बसलेल्या, त्यांचा रोज चालू. सोमवारी माझ्याकडे रिलीज. पाऊस वाढतोय.

चाचांचं काम बघण्यासारखं होतं. बांधाजवळच्या कडक जागेवर जॅकखाली फळी, पुढच्या चाकांना दगड. चाक काढून आडवं पाडलं. आधी टायरची कडा रिमपासून सोडवायची, ती घणाने ठोकत ठोकत. या कडेच्या आत पोलादी तारांचं कडं असतं, तिला बीड म्हणतात, टायर रिमवर धरून ठेवते ती हीच. मग दोन टॉमी घालून एकच बाजू रिमच्या वर काढली आणि फाटकी ट्यूब ओढून बाहेर. मग त्यांनी आत हात घालून टायर पूर्ण गोल चाचपला, अगदी हळू. बाभळीचा एक काटा निघाला. "हा ठेवला असता तर उद्या परत बोलावलं असतं मला," ते म्हणाले. आत पावडर मारली, नवी ट्यूब थोडीशी हवा भरून घातली म्हणजे घडी पडत नाही, व्हॉल्व्ह भोकातून बाहेर घेऊन नट नुसता अडकवला, बीडला साबणाचं पाणी लावलं आणि टॉमीने कड आत घातली.

आता हवा. टायरच्या बगलेवर रिमजवळ एक बारीक गोल रेघ असते. बीड नीट बसली की ती रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते. आमची एका बाजूला आत दबलेली. चाचांच्या गेजवर तीस. मी घड्याळ बघितलं आणि (हो, एवढं सगळं होऊन सुद्धा!) म्हणालो, "चाचा, अजून थोडी मारा ना, बसेल."

चाचांनी कॉम्प्रेसरच बंद केला. "साहेब, पस्तीसच्या वर मी जात नाही. आणि तुम्ही असे टायरवर वाकून उभे राहू नका, इकडं या." मग सगळी हवा सोडली. सगळी! परत साबण, परत घण, परत पहिल्यापासून. वीस मिनिटं गेली. दुसऱ्या वेळी अठ्ठावीसला फट्ट असा आवाज झाला आणि रेघ सारखी झाली. त्यानंतर त्यांनी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पुन्हा पूर्ण सोडली, म्हणजे ट्यूबला कुठे पीळ असेल तर सरळ होतो, आणि मग बारा भरली.

तो पस्तीसचा आकडा त्यांच्या मनातला नाही. असली सूचना टायर कंपन्याच देतात, बीड बसवताना याच्या वर जाऊ नका म्हणून. घरी येऊन मी हिशोब केला. या टायरचा बाहेरचा व्यास साधारण ५१ इंच, रिम २८. एका बगलेचं क्षेत्रफळ चौदाशे चौरस इंचाच्या वर. पस्तीसला गुणा. पन्नास हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे वीस टनांहून जास्त जोर, एका बगलेवर. बीड अडकलेली असताना हवा वाढवली आणि आतली तार तुटली, तर हा जोर ज्या बाजूने सुटतो त्या बाजूला मी वाकून उभा होतो.

चाक चढवून नट समोरासमोरचे आवळले, एका ओळीने नाही. "तासाभरानं परत एकदा आवळा," चाचा जाताना पोराला सांगून गेले. उजव्या टायरची हवा मामांनी मला सोडायला लावली. हातात गेज दिला आणि म्हणाले, "बाराला थांब." तोंडावर ती हवा सूं सूं येत होती, बराच वेळ.

संध्याकाळी सहापर्यंत तीन खाचरं झाली, बाकीची रविवारी. बायांचा अर्ध्या दिवसाचा रोज मी दिला, मामा नको म्हणत असताना. निघायच्या आधी पोराला गाठून म्हटलं, सॉरी रे, माझ्यामुळे झालं. तो म्हणाला, "दादा, मला सकाळीच वाटलेलं. रोडवर गाडी नुसती टणाटण उडत होती. म्हटलं तुम्ही इंजिनिअर, तुम्ही भरली म्हणजे बरोबरच असंल."

मामींना यातलं काहीच सांगितलेलं नाही. मामांनी फक्त एवढं विचारलं, दिवाळीनंतर येणार का. तेव्हा नांगरटीसाठी मागच्या टायरांत पाणी भरायचं असतं, वजन वाढावं म्हणून. एका टायरात दीडशेएक लिटर मावतं आणि चिखलणीआधी ते परत काढून टाकतात. चाक उचलून व्हॉल्व्ह बरोबर वरच्या बाजूला आणायचा आणि तिथून पाणी बाहेर यायला लागलं की थांबायचं, म्हणजे पाऊण टायर भरतो, उरलेल्यात हवा. मी येतो म्हटलंय. पंप डिकीतून काढून घरी ठेवलाय.